ज्याची गाडी त्याची गाणी? गाडी चालवताना तुम्ही काय ऐकता

बालाघाटी
राम राम मंडळी.

लातूर–संभाजीनगर हा माझा कायमचा रस्ता. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, पाचोड. घरची माणसं सोबत असली तर काय लावायचं हे माझ्या हातात नसतं. आई असली की हरिपाठ आणि गवळणी. पोरं असली तर मी चावी लावायच्या आत त्यांचं ब्लूटूथ जोडलेलं असतं आणि पुढची सगळी वाट धडधड धडधड. त्याबद्दल तक्रार नाही.

प्रश्न एकट्याच्या प्रवासाचा आहे. पहिले दोन तास मजेत जातात. केजच्या अलीकडं-पलीकडं रस्ता, वळणं, गावं, म्हशी, सगळं इतकं असतं की मागं काहीही वाजलं तरी चालतं. मांजरसुंब्याच्या घाटात मी आवाज आपोआप कमी करतो, का ते माहीत नाही. बीडचा बायपास सुटला आणि चौपदरी सरळसोट सुरू झाला की खरी पंचाईत. तीच ती जुनी हिंदी गाणी ऐकून कान किटलेत, नवी कळत नाहीत, बंद केलं तर डोळे जड होतात. शहागडच्या गोदावरीच्या पुलापर्यंत तर मी स्वतःशीच बोलायला लागतो.

तुम्ही काय ऐकता? आणि 'जागं राहायला' म्हणून काही खास असेल तर तेही सांगा.

पोहेप्रेमी
रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

अपडाऊनवाली
बालाघाटी दादा, तुमचा प्रश्न एकट्याचा, आमचा पाच जणांचा. आम्ही लातूरहून निलंगा तालुक्यात शाळेवर अपडाऊन करतो. गाडी पाळीनं. एक सर भजनवाले, एक सर क्रिकेटवाले, मी आणि दुसऱ्या मॅडम गझलवाल्या, आणि पाचवे सर म्हणजे चालतं-बोलतं यूट्यूब. त्यांची पाळी असली की सकाळी सात वाजता आठवा वेतन आयोग सुरू. फिटमेंट फॅक्टर, म्हणजे पगार कितीनं गुणणार, यावर एक माणूस चाळीस मिनिटं बोलतो आणि शेवटी म्हणतो, 'निर्णयाची वाट पाहावी लागेल.' ते आम्हाला वाटेतल्या औशालाच माहीत होतं.

भांडणं फार झाली तेव्हा एक तोडगा निघाला. जाताना चालवणाऱ्याची मर्जी, येताना काहीच नाही. साडेपाचला शाळेतून निघालेल्या माणसाच्या कानात दिवसभराची पोरं घुमत असतात. त्यावर अजून काही ओतायला जागा नसते. मागच्या सीटवर तिघं झोपतात, पुढचे दोघं हळू आवाजात घरचं बोलतात. चालवणाऱ्याशेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही, एवढं मात्र पक्कं ठरलंय.

आणि एक. ऑनलाइन मीटिंग गाडीत ऐकायची नाही. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, कुणीही असो. आमचे भजनवाले सर स्टेअरिंगवर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं 'येस सर' म्हणायला माईक उघडायचे. ते बंद केलं आम्ही.

हिमरू
'निर्णयाची वाट पाहावी लागेल' 😂😂 हा माणूस आमच्या ऑफिसात पण वाजतो.

कोरडवाहू (बीड)
आपण काय ऐकतो ते राहू द्या हो. दुसरा काय ऐकतो त्यावर बोलू.

दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की रात्री आमच्या रस्त्यावर या. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं दोन हे मोठाले स्पीकर. आवाज अर्धा कोसावरून. तुम्ही हॉर्न वाजवा, डिपर द्या, त्याला काही पत्ता नसतो. त्याला बिचाऱ्याला आरशात उसाशिवाय काही दिसत नाही आणि कानाला गाण्याशिवाय काही ऐकू येत नाही. ओव्हरटेक करायला निघालो आणि त्यानं त्याच क्षणी खड्डा चुकवायला उजवीकडं घेतलं तर? मी शेतात उतरलोय एकदा. नशीब, तूर काढून झालेली होती.

गाणं ऐकायला ना नाही. पण मागच्याचा हॉर्न ऐकू येईल एवढं तरी ठेवा.

बालाघाटी
हे शंभर टक्के. मांजरसुंबा ते केज रात्री जीव मुठीत.

फड_ते_गव्हाण
कोरडवाहू भाऊ, राग समजतो. पण एक बाजू माझी पण ऐका. मी चार हंगाम ट्रॅक्टर चालवला, आता सोडला.

भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ताशी पंधरा-वीसनं जावं लागतं. केबिन नसतं, थंडी नाकातोंडात. इंजिन पायाशी बोंबलतंय. त्या इंजिनाच्या वर गाणं ऐकू यायचं तर डेक फुल्लच करावा लागतो, शौक म्हणून नाही. कारखान्यावर पोचलं की गाडीतळावर नंबर. कधी सहा तास, कधी रात्र जाते. वजनकाटा, मग गव्हाणीत, म्हणजे कारखान्याच्या ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, ऊस टाकायचा, की परत फडावर, कारण टोळी ऊस तोडून बसलेली असते. झोप किती, तर नंबर लागेपर्यंत स्टेअरिंगवर डोकं टेकलं तेवढी. असं चालवणाऱ्याला गाणं काढून घेतलं तर तो पडेल खाली.

आम्ही काय ऐकायचो? तुळजापूरची आराधी गाणी. संबळ वाजायला लागली की अंगात येतं. पहाटे मात्र कुणीतरी कीर्तन लावायचं. गाडीतळावर पन्नास ट्रॅक्टर उभे आणि एकाच्या डेकवर कीर्तन चालू, बाकीचे सगळे बंद, असंही बघितलंय.

दिव्याचं तुमचं बरोबर आहे. रिफ्लेक्टरची पट्टी स्वस्तात मिळते, मालक लावत नाहीत. उसाच्या पाचटानं झाकून पण जाते. ती सगळ्यात मागं, खाली आडव्या लोखंडावर लावली तर दिसते.

कोरडवाहू (बीड)
झोप नाही म्हणून गाणं, आणि गाण्यामुळं हॉर्न ऐकू येत नाही. मग दोष मालकाचा. मान्य. तुमच्याबद्दल मनात काही नाही भाऊ.

रेडिओवेडा_परभणी
कुणीच रेडिओचं नाव घेईना म्हणून लिहू लालो.

आमच्या घरी आकाशवाणी परभणी म्हणजे घरातलं माणूस होतं. मध्यम लहर, १३०५ किलोहर्ट्झ. वडिलांच्या जीपमध्ये काटा तिथंच गंजून बसला होता म्हणा ना. कृषी विद्यापीठातले लोक येऊन कापसावर, तुरीवर बोलायचे आणि वडील जीप कडेला लावून ऐकायचे. चालवता चालवता नाही, कडेला लावून.

आता नव्या गाड्यांच्या डेकमध्ये मध्यम लहर बहुतेक येतच नाही, नुसतं एफएम. इलेक्ट्रिक गाड्यांत तर मोटारीच्या विद्युत गोंगाटामुळं मध्यम लहरीत खरखर येते, म्हणून काही कंपन्यांनी ती काढूनच टाकली. आणि इथंच आपल्यासारख्या लांब-लांब गावांच्या मुलखाचं नुकसान झालं. एफएमची लहर साधारण नजरेसारखी सरळ जाते. मध्ये डोंगर आला की संपलं. मध्यम लहर जमिनीला धरून लांब जाते आणि रात्री वरच्या वातावरणावरून परत खाली येते, त्यामुळं दिवसा न लागणारी लांबची केंद्रं रात्री लागायची. तुम्ही बालाघाटावरून बीडकडं उतरता तेव्हा एफएमचं काय होतं ते लक्ष देऊन बघा. एका वळणावर स्वच्छ, दुसऱ्या वळणावर गायब, तिसऱ्यावर परत हजर.

संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव, आपल्याकडं आकाशवाणीची एवढी केंद्रं आहेत. पण दोन केंद्रांच्या मधला जो पट्टा आहे ना, तिथं नुसती खरखर. मी त्या पट्ट्यात रेडिओ बंद करत नाही. खरखर ऐकत राहतो आणि पुढचं केंद्र कधी पकडतं त्याची वाट बघतो. बायको म्हणते डोक्यावर परिणाम झालाय.

मोबाईलवर न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीची बरीच केंद्रं थेट ऐकता येतात. पण त्याला नेट लागतं, आणि जिथं एफएम नाही तिथं नेट पण नसतं, हा अनुभव.

नांदेडचा_नाना
रेडिओवेडा, दंडवत घ्या. 'कडेला लावून ऐकायचे' याला तर दोन दंडवत.

नांदेडकरांचं वेगळंच. आमच्याकडं हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला पंजाबहून ट्रक, बस, गाड्या कायम येतात. पेट्रोल पंपावर, धाब्यावर, सिग्नलला त्यांच्या गाडीतून गुरबाणी ऐकू येते. लहानपणापासून कानावर पडल्यामुळं मला आता पहाटेच्या प्रवासाला तीच लागते. शब्द सगळे कळत नाहीत, गरजही वाटत नाही. आणि गंमत अशी की गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांचं गाव नर्सी हिंगोलीत, म्हणजे घरचाच माणूस. एका रविवारी वारंग्याच्या पुढं माझ्या गाडीत गुरबाणी चालू होती, शेजारून टाळ-मृदंग वाजवत दिंडीचा टेम्पो गेला. दोन्हीकडं नामदेव असू शकतात हे तेव्हा डोक्यात आलं, आणि पुढचे दहा किलोमीटर मी तेच धरून बसलो.

हिमरू
संभाजीनगरात गाडी चालवताना गाणं लावायची गरजच नाही, सिडको ते क्रांती चौक हॉर्नच वाजत असतात. (हलकेच घ्या.)

पण १४ जानेवारीला बाहेर पडून बघा. १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो दिवस. सगळ्या मराठवाड्यातून जीप, टेम्पो, क्रूझर विद्यापीठाच्या गेटकडं निघतात आणि प्रत्येक गाडीत भीमगीतं. आमच्या आजोबांची पिढी त्यासाठी काय-काय सोसून बसली. तिच्या नातवंडांच्या गाडीत तीच गाणी डीजेच्या ठेक्यावर. मला जुनी, नुसती ढोलकी-पेटीवाली आवडतात. चुलतभावाला ठेकेवाली. गेटपर्यंत त्याची, परतीला माझी, असा करार आहे.

खुलताबादच्या रस्त्याला मात्र कव्वाली. घाट चढताना हार्मोनियमचा पहिला सूर आणि खाली दौलताबादचा किल्ला. त्याला पर्याय नाही.

रातपाळी_डॉक्टर
मी एका ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करते, अपघाताचे रुग्ण पहिल्यांदा आमच्याकडेच येतात. म्हणून बालाघाटी यांनी 'जागं राहायला खास' असं विचारलंय त्यावर जरा सरळ बोलते.

असं काही नसतं. गाणं मोठं केलं, काच खाली केली, तोंडावर पाणी मारलं, तर काही मिनिटं बरं वाटतं आणि मग झोप परत येते. आलेल्या झोपेला उपाय झोप हाच. पंपावर किंवा धाब्यावर, उजेडात, माणसांत गाडी लावा, चहा-कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास जातो, तोवर तुमची डुलकी झालेली असते. रात्री दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतरचे दोन-तीन तास, या वेळी शरीर आपोआप ढेपाळतं. कितीही सराईत ड्रायव्हर असला तरी.

समृद्धी महामार्गावर तर हे जास्तच. जालन्याहून चढलं की वळण नाही, गाव नाही, म्हैस नाही. कारला १२० ची मर्यादा आहे. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंद डोळा लागला की शंभर मीटर गाडी तुमच्याशिवाय गेली. रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक सांगतात, 'गाणी तर चालू होती हो.' गाडी चेपलेली आणि डेक तसाच वाजतोय, हे मी ॲम्ब्युलन्सवाल्यांकडून ऐकलंय.

गाणी जरूर ऐका. मी पण ऐकते. पण जांभई आली आणि तुमचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला, तर तोच हात इंडिकेटरवर ठेवून गाडी बाजूला घ्या. हायवेच्या कडेला अंधारात नको, पुढच्या थांब्यावर.

बालाघाटी
ताई, वाचून थोडा वेळ गप्प बसलो. पाचोडला एक ओळखीचं हॉटेल आहे, तिथं बाज पण असते. तिथं थांबायचं ठरवलं.

मुपो_पुणे
मूळ गाव उमरगा, पोटापाण्यासाठी पुणे. सणावाराला सोलापूरमार्गे येणं-जाणं.

गाणी सोडून मी स्टोरीटेल ॲपवर पुस्तकं ऐकायला लागलो. वाचायला वेळ नव्हता, आता जाता-येता एक संपतं. फक्त निवडीत चोखंदळ राहा. ज्यात पात्रं ढीगभर आणि काळ मागं-पुढं उड्या मारतो ते गाडीत झेपत नाही. प्रवासवर्णन, आत्मचरित्र, शिकारकथा, एका माणसानं सरळ सांगितलेलं काहीही उत्तम.

एक गोष्ट लक्षात आली. सोलापूरच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर मागची दहा मिनिटं काय ऐकलं ते अजिबात आठवत नाही, मागं न्यावं लागतं. म्हणजे डोकं गरजेला रस्ता धरतं आणि गोष्ट सोडतं. उलटं झालं तर अवघड आहे. म्हणून शहर आलं की मी आपणहून बंद करतो.

बिनहेल्मेट_नाही
दुचाकीवाल्यांचं कुणी विचारलं नाही. हेल्मेटमध्ये दोन्ही कानात इअरफोनची बोंडं घालून चालवणारी पोरं बघितली की पोटात गोळा येतो. कारवाल्याला तीन आरसे असतात, आपल्याला मागचं कळतं ते निम्मं कानानं. मी काहीच ऐकत नाही, स्वतः गातो. हेल्मेटमध्ये आवाज घुमतो, रियाज केल्यासारखं वाटतं.

अपडाऊनवाली
सिग्नलला थांबल्यावर पण चालू असतं का? 😄

बिनहेल्मेट_नाही
लोक बघतात. चालू असतं.

डेपोवाले_काका
एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं. माझं उत्तर ऐकून तुम्ही हसाल. मी गाडी ऐकतो.

प्रवासाची पहिली पंधरा मिनिटं डेक बंद ठेवा आणि काचा थोड्या खाली. चाकाची बेअरिंग जायला लागली की भुंग्यासारखा एकसुरी आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो. वळणावर तो कमी-जास्त होतो. उजवीकडं वळताना वाढला तर बहुतेक डावी बेअरिंग, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. स्टेअरिंग पूर्ण कापून गाडी वळवताना कट-कट आलं तर अ‍ॅक्सलचा जॉइंट बघून घ्या. ब्रेक दाबल्यावर बारीक शिट्टी येते ती ब्रेक पॅड संपल्याची. बऱ्याच पॅडला पत्र्याची एक जीभ मुद्दाम दिलेली असते, पॅड झिजलं की ती डिस्कला घासून ओरडते. कंपनीनं तुम्हाला सांगायची सोय केलीय आणि तुम्ही वर गाणं लावलंय.

परवा जावयाच्या गाडीत बसलो. गाणी जोरात. मी म्हणालो, जरा बंद करा. मागच्या उजव्या चाकात आवाज. ते म्हणाले, बाबा, हा सिमेंटचा रस्ता आहे, टायर वाजतंय. सिमेंटवर टायर डांबरापेक्षा जास्त वाजतं हे खरं. पण डांबर आल्यावरही आवाज तसाच. गॅरेजला नेलं, बेअरिंगच निघाली.

नांदेडचा_नाना
काका, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा. 'गाडी काय म्हणते'. मी पहिला वाचक.

कोरडवाहू (बीड)
अजून एक जमात राहिली. मोबाईल समोर अडकवून व्हिडिओ बघत चालवणारे. काळी-पिवळीत बसलो होतो, कीर्तनाचा व्हिडिओ, आणि महाराजांनी विनोद केला की ड्रायव्हर स्क्रीनकडं बघून हसणार. मागं दहा माणसं. ऐका ना, बघता कशाला? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात मोबाईल धरून चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातलंय. एक ते पाच हजार दंड किंवा कैद, किंवा दोन्ही. समोर अडकवलं म्हणजे हातात नाही, असा युक्तिवाद त्यानं मला ऐकवला.

डेकवाला_जिंतूर_रोड
उशिरा आलो, दुकानात गर्दी होती. धंदाच हा असल्यामुळं कामाचं सांगतो.

'गाणी किटली' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांच्या पेनड्राइव्हमध्ये हजारो गाणी असतात, पण डेक दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो आणि तीच पन्नास वाजतात. बरेच डेक गाणी नावाप्रमाणं लावत नाहीत, ज्या क्रमानं तुम्ही कॉपी केली त्या क्रमानं वाजवतात. म्हणून फोल्डर पाडा. आईचं वेगळं, पोरांचं वेगळं, रात्रीचं वेगळं. आणि एकेक करून त्याच क्रमानं टाका.

दुसरं, ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह आणतात आणि म्हणतात डेक खराब आहे. तो बहुधा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतो, जुने डेक फॅट३२ च वाचतात. ३२ जीबी किंवा त्याखालचा घ्या, कटकट नाही. गाडीत १६ जीबीच भरपूर होतो. १२८ केबीपीएसच्या दर्जात मिनिटाला साधारण एक एमबी जातो. म्हणजे पाच मिनिटांची तीन हजारांवर गाणी.

आवाजाचं एक. वेग वाढला की टायर-वाऱ्याचा आवाज वाढतो, तुम्ही नकळत वाढवत जाता. धाब्यावर थांबून परत चावी मारली की डेक किंचाळतो ते त्यामुळं. काही डेकना वेगाप्रमाणं आवाज आपोआप कमी-जास्त करायची सोय असते, सेटिंगमध्ये बघा. आणि ट्रॅक्टरवाल्या दादांनो, भोंगा छताकडं तोंड करून बसवू नका. कानाच्या रेषेत, जवळ, लहान स्पीकर लावा. कमी आवाजात भागतं आणि मागचा हॉर्न पण कळतो.

फड_ते_गव्हाण
हे आधी सांगायला पाहिजे होतं कुणीतरी. भाच्याला पाठवतो तुमच्याकडं, तो या वर्षी जाणार आहे.

बालाघाटी
डेकवाले भाऊ, माझा डेक बरोबर तसाच करतो, चावी फिरवली की पहिलं गाणं. शेवटी थांबलं तिथून सुरू व्हावं असं काही करता येतं का?

डेकवाला_जिंतूर_रोड
येतं, डेकवर अवलंबून आहे. डेकच्या पिवळ्या वायरीला बॅटरीचा थेट करंट लागतो, लक्षात ठेवायचं काम त्यावर चालतं. बाहेरून बसवलेल्या डेकमध्ये पुष्कळदा पिवळी आणि लाल दोन्ही चावीवर जोडून मोकळे होतात, मग चावी काढली की सगळं विसरतो. घड्याळ पण दर वेळी बारावर जातं का?

बालाघाटी
हो! बारावरच जातं.

डेकवाला_जिंतूर_रोड
मग वायरच. लातूरला कुणाही वायरमनला सांगा, पिवळी बॅटरीवर घे आणि मध्ये फ्यूज टाक. फ्यूजशिवाय घेऊ देऊ नका. अर्ध्या तासाचं काम आहे.